मंगळावरचा लेआउट

वाडीला आमची खोली एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाला पाठ लावून उभी होती. भिंत सामाईक, त्यामुळे गोदामात आज काय उतरलं ते आम्हाला नाकानं कळायचं. मिरचीची पोती आली की आई चुलीवर काही नसतानाही शिंकत बसायची. साबणाची खोकी आली की सगळं घर नुकतीच अंघोळ केल्यासारखं वाटायचं. संत्र्यांच्या दिवसांत पेट्यांतल्या वाळल्या गवताचा आणि सालींचा असा काही वास सुटायचा की अभ्यासात लक्ष लागत नसे. आवाजांचं तर विचारूच नका. अमरावती रोडवरचे हॉर्न, टायरवर हातोडा आपटून हवा जोखणारे क्लीनर, आणि एकाऐवजी 'लाभ' म्हणत सुरू होणारी हमालांची मोजणी. पुढं पुण्याला हॉस्टेलात पहिले कित्येक दिवस मला झोप येईना, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, घरची आठवण येत असेल. घरची येत होतीच, पण खरं सांगायचं तर तिथं फार शांत होतं.

बाबा त्याच ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क होते. कुणाचा माल, कुठून कुठं चालला, हे लिहिलेला जो कागद ट्रकसोबत जातो त्याला बिल्टी म्हणतात. बाबा ती लिहायचे. अक्षर इतकं नेटकं की ड्रायव्हर लोक गमतीनं म्हणत, सुखदेवबाबूची बिल्टी दाखवली का नाक्यावरचा शिपाई वाचतच राहते, गाडीकडं पाहतच नाही. सकाळी डाळभाजी आणि भात खाऊन ते निघायचे. आम्ही मूळचे रामटेकच्या पलीकडच्या धानाच्या मुलखातले, भाताची माणसं. शेजारीपाजारी सगळे ज्वारीचे. आई म्हणायची, भाकरीनं पोट भरते, पण जेवल्यासारखं वाटत नाही. हे ती शेजारणीच्याच भाकरी थापताना म्हणायची, आणि शेजारीणही हसायची. तेवढा मोकळेपणा त्या वस्तीत होता, हे मला आता फार मोठं वाटतं.

मी सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असताना छोटे शेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, मुंबईहून एक कंप्युटर घेऊन आले. आताच्या मुलांना तो दाखवला तर ती विचारतील, बाकीचा कुठं आहे? नुसता बटणांचा चपटा डबा. तो टीव्हीला जोडायचा, आणि केलेलं काम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं. एकदा ती कॅसेट मी घरच्या टेपरेकॉर्डरला लावली तर किर्र किर्र असा भयंकर आवाज निघाला. आई शांतपणे म्हणाली, "हे कोणतं भजन होय वं?"

छोट्या शेठचा बेत असा की बिल्ट्या पुढं कंप्युटरवर करायच्या. तो शिकायचा कुणी, तर सुखदेवबाबूंनी. बाबांनी त्या यंत्राकडं दोन दिवस दुरून पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी आईकडून जुन्या लुगड्याचं झाकण शिवून घेतलं, आणि चौथ्या दिवशी सांगितलं, "साहेब, पुस्तक इंग्रजीत आहे. माझी पोरगी वाचते." अशी मी त्या ऑफिसात शिरले. कॉलेजातून आले की दुपारी तीन ते सहा. माझ्या जन्मात मला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी, आणि ती देणाऱ्याला आपण काही दिलं याचा पत्ताही नव्हता.

कंप्युटरला गरमी सोसत नाही असं मुंबईच्या दुकानदारानं सांगितलेलं, म्हणून त्या खोलीत खसचा नवाकोरा कूलर बसवला गेला. त्या दमट हवेनं यंत्राचं काय भलं होत होतं कोण जाणे, पण माणसांचं फार झालं. मे महिन्यात वाडीतली ती एकमेव थंड खोली. माल भरेपर्यंत ताटकळलेले ड्रायव्हर "जरा कंप्युटर पाहतो" म्हणत आत येऊन बसू लागले. त्यांतले भाऊराव काका मुख्य. कलकत्त्यापर्यंत ट्रक नेणारे, अंगानं दणकट, आणि बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड होणार. बसल्या बसल्या त्यांना काहीतरी पाहायला हवं होतं, आणि टीव्हीवर बिल्टी पाहण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकाच्या शेवटी नमुन्यादाखल एक खेळ छापलेला होता, पानभर ओळींचा. त्या ओळी जशाच्या तशा टाइप केल्या की खेळ सुरू. मंगळावर कॉलनी उभारा, असा तो खेळ. आता कॉलनी म्हटलं की नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं. साहेब लोकांचे क्वार्टर, रंगवलेलं फाटक, फाटकावर नावाची पाटी. आम्ही राहायचो ती वस्ती. आणि शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले की त्याला म्हणायचं लेआउट. मला वाटलं, मंगळावर क्वार्टर बांधून कुणाला कोणता द्यायचा, हा खेळाचा मुद्दा असणार. म्हणून मी माझ्या अकलेनं त्यात भर घातली. लहान क्वार्टर, मोठे क्वार्टर, नोकरीची वर्षं पाहून वाटप. आईला कौतुकानं सांगितलं तर तिनं पहिलाच प्रश्न केला, "नळ किती वाजता येते तिथं?" ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळही घातला, पहाटे पाच ते सात. त्या वेळात पाणी भरून ठेवलं नाही की मंगळावरची माणसं तहानेनं मरू लागायची.

पुढं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की बाई, कॉलनी म्हणजे वसाहत, इंग्रजांनी इथं येऊन केली ती. मी खजील झाले. क्वार्टरचं वाटप काढून टाकलं, पण नळ ठेवला. तो मला अजूनही बरोबर वाटतो.

भाऊराव काकांना खेळ समजावला तेव्हा ते बाहेर जाऊन ओरडले, "अरे या रे! सुनंदाबाईनं मंगळावर लेआउट पाडला! मह्यासाठी कॉर्नरचा प्लॉट ठेव वं!" आणि मग रोज दुपारी तिथं जत्रा भरू लागली. टीव्हीवर चित्र वगैरे काही नसायचं. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांतलं माझं मराठी. यान शंभर पोत्यांचं, त्यात धान्य किती, पाणी किती, हवा किती, माणसं किती, ते सांगायचं. मग दहा वर्षं एकेक करून सरकायची आणि कोण जगलं, कोण गेलं ते कळायचं. ड्रायव्हर लोकांनी पहिल्या आठवड्यात चार वस्त्या बुडवल्या, कारण शंभर पोत्यांच्या गाडीत सव्वाशे भरता येतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता. हवा वाहून न्यावी लागते हे तर त्यांना पटेचना. एकजण म्हणाला, टायरातली काढून घ्या ना. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. कॉलेजातले हुशार प्राध्यापक मला जे शिकवू शकले नाहीत ते या लोकांनी शिकवलं. माल भरणं म्हणजे काय घ्यायचं ते नव्हे, काय सोडायचं ते ठरवणं.

आणि एक दिवस भाऊराव काकांनी तो प्रश्न विचारला.

"सगळं बराबर आहे. पण मले सांग, गाडी जाऊन राहिली भरून. वापसीचा माल काय?"

ट्रकच्या धंद्यात हा देवापेक्षा मोठा प्रश्न. रिकामी गाडी परत आणणारा ड्रायव्हर मालकापुढं मान वर करू शकत नाही. मी म्हटलं, काका, तिथं नुसती लाल माती आहे.

"लाल माती म्हणजे मुरूम झाला. मुरूम आणायले कोणी मंगळावर जाते का वं? तो तर गोरेवाड्याकडंच भेटते!" सगळी खोली हसली. मग ते गंभीरपणे म्हणाले, "वापसी नसन तर कोणता शेठ गाडी पाठवीन? तुह्या खेळात हेच चुकून राहिलं."

मला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मी नियम घातला. निघण्याआधी यंत्र विचारणार, वापसीचा माल किती? शून्य म्हटलं की पडद्यावर अक्षरं येणार, फेरी रद्द. खेळ तिथंच संपणार. माझ्या खेळात आता खऱ्या जगाची अक्कल आली असं मला वाटलं. झालं असं की मुरूम माल म्हणून धरायला कुणी तयार नव्हतं, सगळे शून्यच सांगायचे, आणि त्यानंतर एकही यान मंगळाकडं गेलं नाही. ड्रायव्हर लोकांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, आता बराबर झालं, आणि कूलरच्या वाऱ्यात डोळे मिटून बसले.

माझा नातू हल्ली असलेच खेळ खेळतो. त्याचे ग्रह निळे-जांभळे चमकतात, यानांचे ताफे उडतात, दहा मिनिटांत तीन ग्रह त्याच्या मालकीचे होतात. मी त्याला विचारलं, ही माणसं घर सोडून निघाली ती कशासाठी? तो म्हणाला, "आजी, गेममध्ये ते विचारत नाहीत. जायचंच असतं." टीव्हीवर मोठमोठे धनवंत मंगळावर गाव वसवायच्या गोष्टी करतात तेव्हाही मी कान देऊन ऐकते. कुणी म्हणतं खाणी, कुणी म्हणतं पृथ्वी बुडाली तर दुसरं घर हवं, कुणी म्हणतं माणसाची जातच शोधक. सगळं खरं असेल. मला मात्र एका रविवारची दुपार आठवते, कारण घर सोडायचं जे कारण मला त्या दिवशी कळलं ते यांच्यापैकी कुणाच्याच तोंडून मी ऐकलेलं नाही.

त्याचं असं झालं. कंप्युटरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मी पुण्याला अर्ज केला होता. बाबांना सांगूनच केला होता, पण आपला नंबर लागेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. तो लागला. पत्राबरोबर हॉस्टेलचा फॉर्म आला, त्यावर वडिलांची सही हवी होती, आणि तो पंधरा दिवसांत पोचायला हवा होता. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि फॉर्म घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "पाहू." तिसऱ्या दिवशी, "पाहू ना." आठ दिवस तो फॉर्म त्यांच्या खिशात ऑफिसला जात होता आणि परत येत होता.

बाबा रागावणारे नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. नवव्या दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, "जाशील. शिकशील. मग तिकडंच नोकरी, तिकडंच घर. जो जाते तो वापस येत नाही, सुनंदा."

मी म्हटलं, "मी येईन ना बाबा."

"मी पण असंच म्हटलं होतं माह्या बापाले," ते म्हणाले, आणि पानावरून उठले. भात तसाच राहिला होता. बाबांनी पानात अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आजोबा गावीच राहिले होते. ते मी लहान असताना वारले, आणि बाबा पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, एवढं मला माहीत होतं. मी रडू लागले तर आई म्हणाली, "ते तुले अडवून नाही राहिले. त्याइचं दुसरंच काही आहे. तू त्याइले विचार, तुम्ही काहून निघाले होते गावातून. मले आजवर नाही सांगतलं."

पण विचारायचं कसं? आमच्याकडं बापाला असले प्रश्न कोणी विचारत नसे. नोकरीसाठी आले, असंच मी धरून चालले होते.

रविवारी ऑफिस बंद असायचं. झाकण धुवायला न्यायचं म्हणून बाबा मला घेऊन तिथं गेले. गोदामात शुकशुकाट होता, कूलरही बंद. झाकण काढून घडी घालता घालता बाबा म्हणाले, "सगळे खेळतात म्हणे तुहा खेळ. मले दाखव." एवढ्या महिन्यांत त्यांनी एकदाही त्या बटणांना हात लावला नव्हता.

मी यंत्र सुरू केलं. नाव विचारलं, तेव्हा त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, सुखदेव असं लिहिलं. धान्य, पाणी, हवा, माणसं, सगळं त्यांनी विचार करून भरलं. पाणी सगळ्यांत जास्त. बुकिंग क्लार्कच तो, एकही पोतं जास्त झालं नाही. मग पडद्यावर प्रश्न आला, वापसीचा माल किती? बाबा बराच वेळ त्याकडं पाहत राहिले आणि त्यांनी शून्याचं बटण दाबलं.

फेरी रद्द.

"हे काय?" ते म्हणाले.

"नियम आहे बाबा. भाऊराव काकांनी सांगितला. वापसी नसेल तर गाडी निघत नाही."

बाबांनी पडद्यावरचे ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे तुह्या नियमानं मी गावातून निघालोच नसतो."

मी धीर करून विचारलं, "काहून निघाले होते बाबा तुम्ही?"

ते खुर्चीतच बसून होते, नजर पडद्यावर. माझ्याकडं पाहून त्यांना ते सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

"उपाशी नव्हतो. धान होतं थोडं. दीक्षेनंतर आम्ही गावकीची कामं सोडली, त्याचा त्रास झाला, पण जीवावर नाही बेतलं. पण तिथं मी सगळ्यांले जन्मापासूनच माहीत होतो. कोण, कोणाचा, कुठं राहणारा. मले नाव विचाराची कोणाले गरजच नव्हती. 'अबे सुक्या' म्हटलं का झालं. सहा वर्षांचं पोट्टंही मले सुक्या म्हणे. माह्या बापाले अबे म्हणे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग इथं वाडीले काम पाहाले आलो. एकोणीस वर्षांचा होतो. इथं म्हातारे मुनीमजी बसत. त्याइनं मान वर केली अन् म्हणाले, 'आपका नाम?' मी मागं वळून पाहिलं. मले वाटलं मागं कोणी मोठा माणूस उभा आहे. मागं कोणीच नव्हतं."

बाबा हसले. मला हसू आलं नाही.

"मग मी पूरं नाव सांगतलं. बापाच्या नावासकट. आपलंच नाव होतं, पण असं मोठ्यानं मी कधी घेतलंच नव्हतं. असं नोको समजू का इथं सगळे देवमाणसं भेटले. खोली पाहाले गेलो तर आडनाव विचारून दोघातिघांनी दार लावून घेतलं. ते काही सुटलं नाही. पण तो एक सवाल ऐकला, अन् मी गावाले जाऊन बाले सांगतलं, मी चाललो. बा म्हणाला, काय भेटते तिथं? मले सांगता नाही आलं. काय सांगणार होतो? आपका म्हणतात, म्हणून चाललो? मी म्हटलं, येतो मी वापस. काही आणतो. काहीच नेता नाही आलं त्याच्यासाठी. कधीच नाही."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर तसा मी कधी ठेवला नव्हता. वडिलांचा खांदा इतका हाडकुळा असेल हे मला ठाऊक नव्हतं.

काही वेळानं त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि ऑफिसात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "तो नियम काढून टाक."

"पण काका म्हणतात..."

"भाऊराव ट्रक चालवते. ट्रकसाठी बराबर आहे. माणसासाठी नाही. काढ."

मी ती ओळ शोधली आणि पुसली. बाबांनी पुन्हा सगळं भरलं, तेवढंच पाणी, तेवढंच धान्य. या वेळी यंत्रानं काही विचारलं नाही. यान निघालं. दहा वर्षं सरकली. दोन माणसं गेली, बाकीची जगली. बाबांनी ती संख्या मोठ्यानं वाचली, आणि मग खिशातून फॉर्म काढला. इतके दिवस घामात राहून त्याच्या घड्या विरल्या होत्या. टेबलावर तो हातानं सपाट करून त्यांनी आपलं नाव लिहिलं, आजोबांच्या नावासकट, त्या बिल्टीच्या अक्षरात. खाली एक रकाना होता, घर सोडून राहण्याचे कारण.

"इथं काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"शिक्षण लिहा, बाबा."

त्यांनी शिक्षण असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मग माझ्याकडं देत म्हणाले, "लिहायले तेवढं पुरे."